महादेवीबाईची नांदेडची तारीख

चाकूरपासून दोन-तीन कोसांवर एक गाव आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथला सरपंच शिवशंकर उद्या माझ्या दारात येऊन बसेल आणि दोन वेळचा चहा घेतल्याशिवाय उठणार नाही. ह्या गावात बाईमाणसाला एकटीनं परगावी जायला दोनच कारणं चालतात, देव आणि कोर्ट. त्यातही देवाला निघालं की अख्खी गल्ली सोबत निघते. "थांब गं, मीबी येते," म्हणत चार जणी पिशव्या घेऊन हजर. कोर्टाचं तसं नाही. कोर्टाला निघालेल्या माणसापासून लोक चार हात लांबच राहतात. न जाणो, साक्षीला आपलंच नाव घातलं तर?

म्हणून महादेवीबाई गेली नऊ वर्षं कोर्टाला जात होती.

केस अशी, की मुदखेडचा तिचा सख्खा धाकटा भाऊ बालाजी बापाची साडेतीन एकर काळी जमीन एकटाच दाबून बसला होता. बहिणीला गुंठाभरसुद्धा द्यायला तयार नव्हता, म्हणून हिनं त्याच्यावर नांदेडच्या कोर्टात दावा लावला होता. दर तीन महिन्यांनी मंगळवारी तारीख. पहाटेची एसटी धरायची, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठायचं आणि दिवे लागायच्या आत परत. पारावरची मंडळी विचारायची, "काय झालं, वैनी?" ती म्हणायची, "फुडली तारीख दिली." मंडळी समजूतदारपणे माना डोलवायची. नऊ वर्षांत निकाल नाही, ह्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट मधेच निकाल लागला असता तर गावाला दाट शंका आली असती.

आता खरं काय ते सांगतो. केस नव्हती. जमीनही नव्हती. महादेवीचा बाप जन्मभर दुसऱ्याचं रान बटईनं करत आला. पोरीच्या लग्नाच्या वेळी पाहुण्यांना त्यानं तेच रान आपलं म्हणून बांधावरून फिरवून दाखवलं, एवढाच काय तो त्या जमिनीशी संबंध. बालाजी मात्र होता. रेल्वेत रुळांच्या कामावर होता, आणि इतका गरीब स्वभावाचा, की रुळावर आलेल्या शेळीलासुद्धा "जा माय, बाजूला हो" म्हणायचा.

आणि नांदेडला कोर्टात नव्हे, सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात महादेवी जायची. नवरा रामकिशन वारला तेव्हा गावाला कावीळ सांगितली होती. त्याला एचआयव्ही होता, आणि तपासल्यावर हिलाही निघाला. एकुलती पोरगी समीक्षा साफ निघाली, तेव्हा महादेवी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान लेकरागत रडली होती. त्या दिवसापासून रोज रात्री जेवण झालं की एक गोळी. गोळी फुकट मिळते, कडूही नाही, पोटाला त्रासही फार नाही. अवघड होतं ते एकच, ती आणायला जाणं.

तुम्ही म्हणाल, लातूर जवळ असताना नांदेड कशाला? अहो, लातूरला जाऊन बघा! गावातली निम्मी पोरं तिथं डॉक्टर व्हायच्या क्लासला, आणि त्यांना डबे करून घालायला निम्म्या गावच्या आया तिथं खोल्या करून राहिलेल्या. लातुरात स्टँडवर पाय ठेवला की कुणीतरी हाक मारणारच, "अगं महादेवी, हिकडं कुठं?" आणि कुठं ते कळल्याशिवाय सोडणार नाही. गावापेक्षा लातुरात गाव जास्त भरलंय.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं ती काहीबाही कारणं सांगून जायची. एकदा माहेर, एकदा डोळे, एकदा दाढ. मग सासू पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि कारणं संपली. सासू अंथरुणावर असताना सून दाढ दाखवायला परगावी जाते म्हणजे काय! गेली नाही. तीन महिने गोळी नाही. आतला विषाणू इतके दिवस दाबून ठेवला होता, त्याला मोकळं रान मिळालं. ताप, खोकला, पिंजऱ्यासारखी छाती. बालाजी आला, आणि सासू मागून ओरडत असताना बहिणीला उचलून जीपमध्ये घालून घेऊन गेला. केंद्रातल्या समुपदेशक पंचशीलाबाई तेव्हा नव्यानं लागल्या होत्या. त्यांनी महादेवीचा हात धरून सांगितलं, "ताई, हा विषाणू मेलेला नाही. गोळी त्याला दाबून ठेवते. तुम्ही गोळी सोडली की तो उठतो, आणि पुन्हा पुन्हा सोडली तर ह्या गोळीला ओळखून बसतो. मग हीच गोळी पाण्यात टाकल्यासारखी. रोज म्हणजे रोज."

बरी होऊन परत निघाली तेव्हा महादेवी म्हणाली, "रोज घेईन, पर आणायला कसं येऊ? काय सांगू गावाला?"

बालाजीनं तिची पिशवी उचलून खांद्याला लावली. मग म्हणाला, "आक्का, माझ्यावर केस घाल."

"काहून? तू काय केलंस?"

"काय न्हाई केलं. पर भावानं बहिणीची जमीन खाल्ली म्हणलं की कोण न्हाई म्हणंल?"

आणि खरंच कुणी नाही म्हणालं नाही. एवढा विश्वास गावानं महादेवीच्या दुसऱ्या कुठल्याच बोलण्यावर कधी ठेवला नव्हता. सासू तर काठी टेकत सगळ्यात आधी पुढं झाली. "म्या सोता ह्या डोळ्यांनी बघितलीय ती जमीन! काळीभोर! मेल्यानं गिळली! जा गं तू तारखेला, माझं मी बघते." मरेपर्यंत सुनेची तारीख चुकू दिली नाही म्हातारीनं. भाकरी बांधून द्यायची. देव तिला सुखी ठेवो, चुकून का होईना पुण्य करून गेली.

महादेवीनं नऊ वर्षांत एक गोळी चुकवली नाही. दर वर्षी रक्त तपासायचे आणि दर वर्षी कागदावर एकच यायचं, विषाणू आढळला नाही. म्हणजे बरा झाला असं नव्हे, आहे, पण मोजायला सापडत नाही इतका दाबलेला. तारखेला बालाजी मुदखेडहून गाडीनं यायचा. केंद्राबाहेरच्या लिंबाखाली बसून दोघं भाऊबहीण डबा खायची. मग गावी येऊन ती त्याच भावाबद्दल सांगायची, "लई मस्तावलाय. माझ्याकडं बघतबी न्हाई." हे बोलताना तिला घास अडकल्यासारखं व्हायचं. लोकांना वाटायचं, संताप.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण खोट्याला गावात पाय फार लवकर फुटतात. महादेवीची केस बघून बायकांच्या डोक्यात उजेड पडायला लागला. शेजारची शिवगंगा, जिचा आवाज ग्रामपंचायतीच्या भोंग्याला हरवतो, ती एक दिवस म्हणाली, "वैनीसारखी मवाळ बाई लढून राहिलीय, मग म्या काय पाप केलंय?" आणि तिनं आपल्या भावांवर खराखुरा दावा लावला. सव्वा वर्षात एक एकर घेऊन आली! दुसऱ्या एकीला केस घालायच्या नुसत्या धमकीवर दुभती म्हैस मिळाली. संक्रांतीला बायका हळदीकुंकू लावून झालं की वारसाहक्काचं बोलायला लागल्या. महादेवीला पुढं बसवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यांच्यामुळं." महादेवी तिळगूळ तोंडात धरून बसायची.

आणि मग शिवशंकर सरपंचाच्या बहिणीनं, अहमदपूरला दिलेल्या रेणुकेनं, शिवशंकरालाच नोटीस धाडली.

सरपंचाला त्या दिवशी साक्षात्कार झाला, की ही साथ आहे आणि तिचं मूळ महादेवीच्या घरात आहे. मूळ उपटलं की रेणुका गप्प बसेल. योगायोगानं समीक्षाचं लग्न तेरा दिवसांवर आलं होतं, हडोळतीकडचं चांगलं स्थळ. सरपंच चार माणसं घेऊन दारात आला आणि खुर्चीवर मांडी घालून बसला.

"वैनी, पोरीच्या मागं उभं राहायला मामा पायजे का न्हाई? का मामाबिगर अक्षता टाकायच्या? येत्या मंगळवारी बालाजीला आणायला गाडी धाडून राहिलोय. पारावर बसू, फैसला करू, केस मागं घेऊ."

"मंगळवारी तर माझी तारीख हाय, भावजी."

"आता कशाची तारीख? म्या फैसला करून राहिलोय म्हणल्यावर कोर्टाचं काय काम!"

लोक म्हणाले, वा सरपंच. शिवगंगा सोडून सगळे म्हणाले.

ते गेल्यावर महादेवीनं आत जाऊन डाळीच्या डब्यामागची बाटली काढली आणि गोळ्या मोजल्या. मंगळवारपर्यंतच्या सोडून पाच वरच्या उरत होत्या, केंद्रातून हाताशी दिलेल्या. पाच दिवसांनंतर काय? केस मिटली की नांदेड मिटलं. पुन्हा डोळे, पुन्हा दाढ, आणि मग परत तो पिंजरा. नांदेडचं नाव काढलं की गाव म्हणणार, तुझी जमीन मिळाली, बाई, आता कशाला जातेस? पोरीचं लग्न बघायला जगायचं म्हणून रोज गोळी घेतली आणि आता लग्नच गोळीच्या आड आलं, ह्याचा तिला इतका राग आला की तिनं सरपंचाला दोन ठेवणीतल्या शिव्या घातल्या. डाळीच्या डब्याला ऐकवून का होईना, घातल्या.

तिनं बालाजीला फोन लावला. समीक्षा शेजारी बसून ऐकत होती. घरात तिला एकटीलाच सगळं ठाऊक होतं. "बाळू, खरं सांगून टाकते. काय व्हायचं ते होऊ दे."

"लग्न मोडंल, आक्का."

"मग?"

"तू गप ऱ्हा. म्या येतो. बघतो काय करायचं ते."

मंगळवारी पारावर जत्रा भरली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, मधे सतरंजी. बालाजी आला तो धुतलेला सदरा घालून, भाचीसाठी हातात केळी घेऊन. केळी कुणी घेतली नाहीत. नऊ वर्षांनी गावानं त्याला पाहिलं आणि गावाची थोडी निराशाच झाली. एवढा हडकुळा माणूस साडेतीन एकर कसा काय गिळू शकतो, हे कुणाला कळेना. महादेवी बायकांत बसली होती, तिनं त्याच्याकडं बघायचं टाळलं.

सरपंचानं घसा साफ केला. "बालाजीराव, झालं गेलं गंगेला मिळालं. बहीण म्हणते साडेतीन. तुम्ही म्हणता शून्य. आम्ही म्हणतो एक. एक एकर बहिणीच्या नावावर करा, केस मागं घ्या, आणि लग्नात मानानं उभे ऱ्हावा. हा बाँड तयार हाय. उद्या आपण सगळे मुदखेडला जाऊन तलाठ्याकडनं सातबारा काढू, आणि करून टाकू फेरफार."

सातबारा म्हणल्यावर महादेवीनं पहिल्यांदा बालाजीकडं बघितलं. कशाचा सातबारा? उद्या तलाठी म्हणणार, ह्या नावावर एक बोटभर जमीन नाही. मग गाव विचारणार, मग नऊ वर्षं ही बाई नांदेडला कुठं जात होती? आणि एकट्या बाईबद्दल हा प्रश्न एकदा निघाला की त्याची जी उत्तरं गावात तयार होतात त्यांच्यापुढं एचआयव्ही परवडला. तिला वाटलं, आता आपणच बोलावं. ती उठली. "सरपंच, ऐका. केस काय अशी—"

"ए!" बालाजी असा ओरडला की पारावरचे कावळे उडाले. तो कधी ओरडलाच नव्हता, त्यामुळं आवाज कुठून काढायचा हेही त्याला नीट माहीत नव्हतं, मधेच फाटला. "गप बस! एक एकर? एक ढेकूळ देणार न्हाई! काय समजता तुम्ही मला? आँ? जमीन माझी हाय! बापानं मला दिलीय! पोरीची जात, लग्न झालं की संपलं!" एवढं बोलून तो थांबला, पुढं काय बोलावं ते आठवेना, मग म्हणाला, "आणि... आणि सातबारा बघायला कोण आलं तर तंगड्या मोडीन! कोर्टात भेटू! म्हातारा होईस्तोवर लढीन! दर तीन महिन्याला येत ऱ्हा म्हणावं नांदेडला!"

महादेवीला कळलं. सगळ्या गावात तिला एकटीला कळलं. त्यानं केस जिवंत ठेवली होती.

"बालाजीराव, भाचीच्या लग्नाचा तरी इचार करा," सरपंच काकुळतीला आला. त्याचं स्वतःचं शेत त्याला डोळ्यांपुढं तुटताना दिसत होतं.

"कोण भाची?" बालाजी म्हणाला. हे म्हणताना त्याच्या हनुवटीला कंप सुटला. पण तेवढं बघत कोण बसलंय? "मला न्हाई भाची."

इथं शिवगंगाची चप्पल सुटली. नेम पक्का, डाव्या कानावर. मागोमाग दुसरीची, तिसरीची. "कसाई! राक्षस! बहिणीच्या शापानं मरशील!" महादेवी पुढं धावली ती त्याला वाचवायला. बायकांना वाटलं, ही आता त्याचा गळा धरते, आणि चौघींनी तिला कवेत घट्ट धरून ठेवलं. "ऱ्हाऊ दे वैनी, हात घाण करू नको." ती धाय मोकलून रडायला लागली. बाया तिची पाठ थोपटत राहिल्या. केळी तिथंच टाकून, कान धरून बालाजी चाकूरच्या रस्त्याला लागला. सरपंचानं परतीची गाडी दिली नाही. पायीच गेला.

संध्याकाळी गावात उत्साह मावेना. शिवगंगा दर दारात सांगत होती, "सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ!" रेणुकेला फोन गेला, की तू अजिबात माघार घेऊ नको. सरपंचानं ताप आल्याचं सांगून दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी महादेवी पहाटेच्या एसटीत बसली. आता कुणी काही विचारलंच नाही. तारीख चुकली होती, वकिलाला भेटायला नको का? कंडक्टरसुद्धा गावचाच होता, तो म्हणाला, "सोडू नका त्याला, मावशी."

केंद्रावर पंचशीलाबाईंनी बाटलीतल्या गोळ्या मोजल्या, बरोबर भरल्या. मागच्या वेळच्या रक्ताचा अहवाल काढला आणि म्हणाल्या, "विषाणू आढळला नाही. ताई, तुमच्याएवढे नियमित माझ्या यादीत फार थोडे आहेत. सांगा की बाकीच्यांना, कसं जमवता?"

महादेवी म्हणाली, "भाऊ हाय."

भाऊ बाहेर लिंबाखाली बसला होता, डावा कान सुजून लाल झालेला. डबा उघडून ठेवला होता, पण जेवला नव्हता. तिला बघून हसला. "जमलं का गं मला? जरा जास्तच झालं वाटतं."

"मेल्या," ती म्हणाली आणि त्याच्या कानाला हात लावून पुन्हा रडायला लागली. "कशाला म्हणलास भाची न्हाई म्हणून? पोरगी काल जेवली न्हाई."

बालाजीनं पिशवीतून एक पिवळी साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. लग्नात मामानं भाचीला द्यायची असते ती. "दे तिला. गावाला दुकानातनं आणली म्हण. आक्का, तिच्या मागं कोण उभं राहणार?"

"शिवशंकर म्हणून राहिलाय, म्या उभा राहतो."

"हां." बालाजीनं जरा विचार केला. "उंच हाय तो. शोभंल."

हे ऐकलं आणि महादेवीच्या डोक्यात सणक गेली. नऊ वर्षं हा माणूस तिच्यासाठी चोर झाला, कसाई झाला, चपला खाल्ल्या, आणि आता म्हणतो शोभंल! तिला स्वतःचा राग आला, गावाचा आला, त्या उंच सरपंचाचा तर फारच आला. केस मिटवली तर गोळी जाते, चालू ठेवली तर भाऊ जातो. ती साडीच्या घडीवर हात फिरवत बसून राहिली. मग एकदम म्हणाली, "बाळू, ही केस आपलीच हाय ना?"

"म्हंजे?"

"कोर्टबी आपलंच?"

"असं कसं... बरं, हाव. आपलंच."

"मग हुकूमबी आपणच काढू की!"

गावात उतरल्या उतरल्या ती आधी शिवगंगाच्या दारात गेली, कारण तिला सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही. साहेबानं हुकूम दिलाय, ती म्हणाली. केस चालू राहील, फुडली तारीख तीन महिन्यांनी. पण तोवर प्रतिवादी बालाजी ह्यानं भाचीच्या लग्नाला हजर राहून, मामा म्हणून मागं उभं राहायचं. न राहिल्यास कोर्टाचा अवमान. अटक.

"अशी जिरवली!" शिवगंगा टाळी वाजवून म्हणाली.

सरपंच लगोलग आला. ताप उतरला होता. "वैनी, असा हुकूम असतो होय?"

"नवा कायदा हाय, भावजी."

"हुकमाची नक्कल दावा."

"अर्ज केलाय. तीन महिने लागतील म्हणले."

सरपंचाचा स्वतःचा एक नक्कलेचा अर्ज आठ महिने पडून होता. त्यानं सुस्कारा सोडला आणि मान्य केलं. तसं बघितलं तर ह्या गावानं आजवर कुणाचं ऐकलं नाही, ना आईबापाचं, ना डॉक्टरचं. पण कोर्टाचा हुकूम म्हणल्यावर, तोही न पाहिलेला, गाव ताठ उभं राहिलं. मामा पळून जाऊ नये म्हणून सरपंच स्वतः दोन माणसं घेऊन मुदखेडला गेला आणि त्याला मधे बसवून घेऊन आला.

लग्नाच्या दिवशी प्रत्येक गोष्टीवर वाद. फेटे वाटणारा बालाजीपाशी येऊन थांबला. "ह्याला कशाला?" शिवगंगानं अडवलं. "उभं राहायचं म्हणलंय, फेटा कुठं म्हणलाय हुकमात?"

"हाय हुकमात," महादेवी म्हणाली. फेटा बांधला.

"पयल्या पंगतीला का म्हणून?"

"तेबी हाय." पहिल्या पंगतीला बसवलं. वाढणाऱ्यानं रागानं दोन जिलब्या जास्त वाढल्या, आपटून. नवऱ्या मुलाच्या बापानं हळूच विचारलं, की विहीणबाई, हा काय प्रकार? सरपंचानं त्याला बाजूला नेऊन केस समजावली. तो गृहस्थ प्रभावित झाला. त्याच्याही घरात एक केस होती, पण तिच्यात इतके चांगले हुकूम कधी निघाले नव्हते.

"मामा, मुलीला घेऊन या," महाराजांनी माइकवरून पुकारा केला. समीक्षा पिवळ्या साडीत आली आणि तिच्या मागं, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून, बालाजी. मांडवातली चारशे माणसं त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती. अंतरपाट धरला. मंगलाष्टका सुरू झाल्या. तिसरीपर्यंत त्यानं कसंबसं धरलं, मग त्याचे डोळे भरून वाहायला लागले. हात पोरीच्या खांद्यावर, पुसणार कसे? गालावरून, मिशीवरून, फेट्याच्या शेमल्यावर पाणी ठिबकत राहिलं.

"बघा, बघा," पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "साडेतीन एकर जायच्या भीतीनं कसा रडून राहिलाय!"

मांडवात समाधानाची कुजबुज झाली. महादेवी विधवा म्हणून मागं खांबापाशी उभी होती. ती तिथून निघाली, माणसांच्या मधून वाट काढत थेट बोहल्यावर गेली, आणि साऱ्या गावासमोर तिनं आपल्या पदरानं भावाचे डोळे पुसले. एक गाल, मग दुसरा. मंगलाष्टका म्हणणारे महाराज थांबले.

"वैनी!" शिवगंगा खालून ओरडली. "हेबी हुकमात हाय का?"

"न्हाई," महादेवी म्हणाली, आणि पुसत राहिली.